भेटायला येणाऱ्यांचा खोकला

दिवाळीचे फटाके संपले की छातीच्या वॉर्डात सुगी सुरू होते. भाऊबीज ओवाळून झाली, फराळाचे डबे रिकामे झाले, की गारठ्यातली पहिली रिक्षा दवाखान्याच्या दारात येऊन थांबते. आत एक म्हातारा नाहीतर म्हातारी. दोन्ही हात सीटवर टेकलेले, खांदे वर ओढलेले, पाण्याबाहेरच्या माशासारखं तोंड उघडं. शेजारी मुलगा. आणि मुलाचं पहिलं वाक्य ठरलेलं: "काय नाय हो बाई, निसती सर्दी झाली होती."

या 'निसत्या' सर्दीवर माझी सगळी नोकरी झाली.

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडं 'वैद्यकीय जीवनातले हृदयस्पर्शी अनुभव' मागितले. मी त्यांना म्हटलं, हृदय आमच्या शेजारच्या विभागाकडं होतं. त्यांच्याकडं एसी होता, देणगीदार होते, भिंतीवर देणगीदारांचे फोटो होते. आमच्याकडं थुंकी होती. ती कोणत्या रंगाची आहे, किती घट्ट आहे, सकाळी जास्त पडते की संध्याकाळी, हे विचारण्यात माझी तीस वर्षं गेली. लोक मला 'दम्याच्या बाई' म्हणायचे. गारखेड्याच्या भाजीबाजारात सुद्धा हाका यायच्या, "दम्याच्या बाई, मेथी न्या की!" माझ्या नवऱ्यानं सुरुवातीला मान खाली घातली, मग त्याला सवय झाली.

धंदा काय होता ते आधी सांगते. नाकापासून थेट फुप्फुसातल्या बारीक नळ्यांपर्यंत आपल्या आत पेशींचं एक अस्तर असतं. त्यातल्या बऱ्याच पेशींना बारीक केस असतात आणि ते दिवसरात्र एकाच दिशेनं, घशाकडं हलत राहतात. मधेमधे चिकटा तयार करणाऱ्या पेशी. आत शिरलेली धूळ आणि जंतू त्या चिकट्यात अडकतात, केस त्यांना ढकलत ढकलत घशापर्यंत आणून सोडतात, आपण खाकरतो आणि विषय संपतो. इतकी चोख झाडलोट आमच्या महापालिकेला कधी जमली नाही, आणि या पेशी कधी संपावरही गेल्या नाहीत.

सर्दीचा विषाणू आला की तो यातल्या एखाद्या पेशीत शिरतो. धडधाकट माणसात ती पेशी मरता मरता शेजारणींना निरोप धाडते: माझ्या घरात शिरलाय, तुम्ही दारं लावून घ्या. शेजारणी दारं लावतात. आठवडाभर नाक गळतं, मेलेल्या पेशी झडून जातात, खालून नव्या उगवतात आणि माणूस पुन्हा कामाला लागतो.

पण ज्या छातीनं वर्षानुवर्षं चुलीचा, बिडीचा नाहीतर भट्टीचा धूर खाल्लेला असतो, तिथलं अस्तर मूळचं राहिलेलं नसतं. केस झडलेले, चिकटा करणाऱ्या पेशींची भरमसाट पैदास झालेली. तिथं निरोप उशिरा जातो, कधी अर्धाच जातो. तोवर विषाणू चार घरं फिरून येतो. आणि एकदा बोभाटा झाला की तो थांबायचं नाव घेत नाही. रक्तातून पांढऱ्या पेशींच्या पलटणी येतात, सूज येते, चिकट्याचा पूर येतो, आधीच अरुंद असलेल्या नळ्या मिटायला लागतात. विषाणू कधीचाच पसार झालेला असतो, मोडतोड चालूच राहते. विद्यापीठाच्या नामांतराच्या वर्षांत आमच्या भागातल्या माणसांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नसे. वस्ती पेटते तेव्हा बंदोबस्त नसतो, आणि राख निवल्यावर एवढा येतो की ज्याचं घर जळालं त्यालाच दाराबाहेर पाऊल टाकता येत नाही.

पेशींची ही आतली गोष्ट आम्हालाही तेव्हा एवढी माहीत नव्हती. ती पुढं दूरदूरच्या प्रयोगशाळांत हळूहळू उलगडली, आणि अजून सगळी उलगडलेली नाही. आम्हाला फक्त निकाल दिसायचा. जी सर्दी नातवाच्या रुमालात संपायची, तीच आजीला ऑक्सिजनच्या नळकांड्यापर्यंत घेऊन यायची.

आणि आज्या फार होत्या. शहर त्या वर्षांत अंगाबाहेर वाढत होतं. चिकलठाण्याला कारखाने होतेच, आता वाळूजला धडाका सुरू झाला. खेड्यातली पोरं शिफ्टला लागली, दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि आईबापांना आणून त्यात बसवलं. एका कारखान्यातली चार माणसं एकाच महिन्यात खोकत आली म्हणून मी तिथल्या मॅनेजरना बोलावलं. गृहस्थ मोठे नम्र. म्हणाले, "मॅडम, आमच्याकडं धूळ नाहीच. पावडर असते."

तर कोंडाबाई. वैजापूरकडच्या एका वाडीतली, मेंढरांमागं आयुष्य गेलेली बाई. मुलगा भानुदास वाळूजला कामाला लागला आणि तिला गारखेड्यात घेऊन आला. पहिल्याच हिवाळ्यात तिला घेऊन वॉर्डात आला, तोंडी अर्थात तेच वाक्य. श्वास जरा खाली बसल्यावर मी माझा ठरलेला प्रश्न विचारला.

"आजी, बिडी ओढता का?"

"मी काय गडी हाय व्हय?"

"मग चूल?"

"चूल नाय तर काय तुमच्या घरी येऊ जेवाया?"

भानुदासनं कपाळाला हात लावला. मला मात्र ती तिथंच आवडली. मेंढरांबरोबर हिंडताना तीन दगड मांडायचे, ओली काटकी पेटत नाही म्हणून तोंड खाली नेऊन फुंकायचं, आणि वारा फिरला की सगळा धूर आपणच प्यायचा. असं लग्न झाल्यापासून. तिची फुप्फुसं कुठल्याही बिडीवाल्याच्या तोंडात मारतील अशी झाली होती.

त्या वेळी ती बरी झाली. बसून भाकरी खायला लागली आणि नर्सना नावं ठेवायला लागली, म्हणजे बरीच. मी सोमवारी घरी सोडायचं ठरवलं. रविवारी वाडी भेटायला आली.

आमच्याकडं आजारी माणसाला भेटायला जाणं ही हौस नाही, कर्तव्य आहे. कोण आलं यापेक्षा कोण आलं नाही हे जास्त लक्षात ठेवलं जातं. जो येत नाही त्याच्याकडं उद्या दुखणं आलं तर कुणी जात नाही, मग लग्नाला जात नाही, मग मातीलाही जात नाही. म्हणून एक अख्खा टेम्पो भरून आला. बायकांनी वॉर्डात पाऊल टाकलं आणि रीतीप्रमाणं एकेकीनं कोंडाबाईच्या गळ्यात पडून मोठ्यानं रडून घेतलं. गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. तोच हात पदराला, तोच नाकाला, तोच पुन्हा कोंडाबाईच्या तोंडाला. हिवाळ्याचे दिवस, निम्मी वाडी शेंबडी. विषाणूला एका छातीतून दुसरीत जायला याहून सोयीचा कार्यक्रम सापडणार नाही.

मी धावत गेले. "अहो, तुम्हाला खोकला आहे, लांब बसा!"

एक बाई मला धीर देत म्हणाली, "आम्हाला रोग नाय बाई. निसती सर्दी हाय."

कोंडाबाईचा सोमवार हुकला. तीन दिवसांनी ती परत ऑक्सिजनवर. तेव्हापासून माझं आणि वाडीचं युद्ध सुरू झालं. माझ्या बाजूला सैन्य म्हणजे एकटे रहीमचाचा, आमच्या वॉर्डाचे दारवान. चाचा आडदांड, पण मनानं लोणी. ते दारात आडवे उभे राहायचे आणि दोन मिनिटांत माझ्याकडं येऊन सांगायचे, "बाई, इन लोगां सुनतेच नै. एक बुढी तो मेरेच गले पड़ के रोई."

शेवटी मी तह केला. ज्याला सर्दी-खोकला त्यानं खिडकीतून बघायचं. बाकीच्यांनी नाकातोंडाला पदर नाहीतर उपरणं बांधून, दोघा-दोघांनी आत यायचं. गळ्यात पडायचं नाही. या तहातलं शेवटचं कलम कुणीच पाळलं नाही. नाकाला पदर बांधून गळ्यात पडून रडणं हा नवाच प्रकार माझ्या वॉर्डात जन्माला आला. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, आत दरोडेखोर बायकांचा भरतमिलाप चाललाय.

कोंडाबाईचा थोरला भाऊ, म्हाळूमामा, मात्र तहावर खवळला. वाडीत त्यांच्या शब्दाला वजन होतं. ते खिडकीशी उभे राहिले नाहीत की त्यांनी उपरणं बांधलं नाही. दारातूनच मला म्हणाले, "डाक्टरीणबाई, उद्या माझी बहीण गेली न् तोंड बघायचं राहिलं, तर त्ये तुमच्या मशिनीत दिसंल का?"

मला राग आला होता, पण त्याहून जास्त राग आला तो कोंडाबाईचा. मी तिला बसवून सगळं सांगितलं. तुझ्या छातीच्या आतलं अस्तर कसं झालंय, एक-एक सर्दी त्याचा कसा तुकडा मोडून नेते, आणि तो परत येत नाही. असे दोन-तीन हिवाळे झाले तर तू राहणार नाहीस. तिनं नीट ऐकलं. मग विचारलं, "म्हंजी माणसं नाय आली तर जगंन?"

"जास्त जगशील."

"बाई, रानात मेंढरू एकलं ठिवलं तर त्याला लांडगा लागत नाय. त्ये आपलं आपणच मरतंय."

त्यानंतर दर हिवाळ्यात तेच झालं. सर्दी, वॉर्ड, जरा बरं, टेम्पो, पुन्हा वॉर्ड. दर खेपेला ती थोडी कमी होऊन घरी जायची. आधी पाण्याची घागर सुटली, मग जिना सुटला, मग एका दमात एक वाक्य बोलणं सुटलं. भानुदास रात्रपाळी करून सकाळी वॉर्डात यायचा आणि मला विचारायचा, "बाई, औंदा निघंल ना?" मी म्हणायचे, निघेल. दोघांनाही माहीत होतं की मी वाडीच्या टेम्पोवर पैज लावत होते.

मग तो नामांतराचा हिवाळा आला. विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न मी शिकत असल्यापासून धुमसत होता. आता निर्णय होणार अशी हवा होती. नाव व्हावं म्हणणारे आणि होऊ नये म्हणणारे, दोघंही रस्त्यावर. आज बंद, उद्या मोर्चा, परवा जमावबंदी. एसट्या डेपोतून हलेनात. आमच्या वॉर्डात स्टाफ सुद्धा दोन गटांत बसून डबे खायला लागला होता, आणि दोन्ही गटांत एकच खोकला फिरत होता.

त्याच दिवसांत कोंडाबाईच्या शेजारची खाट सखुबाईला मिळाली. पहिल्या दंगलीत, मी शिकत होते तेव्हा, तिच्या गावातली वस्ती पेटवली तेव्हा सखुबाई शेळी सोडायला परत घरात शिरली होती. शेळी वाचली. सखुबाईच्या छातीत तो धूर कायमचा बसला. माणसं पांगली, कुणी मुंबईला, कुणी पुण्याला, आणि ती शहरात बांधकामावर लागली. तिथं सिमेंट होतंच.

कोंडाबाईनं पहिल्या दिवशी मला जवळ बोलावून हळूच सांगितलं, "बाई, माजी खाट जरा खिडकीकडं सरकवा. आन् माजा तांब्या येगळा ठिवायला सांगा त्या शिष्टरला."

"का?"

"आमच्यात तसं हाय."

मी म्हटलं, तांब्या सगळ्यांचाच वेगळा ठेवायचा, जंतूंसाठी. खाट सरकणार नाही. ती भिंतीकडं तोंड करून पडली.

बंदमुळं टेम्पो येणं शक्यच नव्हतं. वाडी वैजापूरकडं, कोंडाबाई इकडं, मधे रस्त्यावर जळके टायर. भानुदासही वाळूजला कारखान्यातच अडकलेला. भेटीची वेळ व्हायची, रहीमचाचा सवयीनं दारात आडवे उभे राहायचे, आणि समोरून कुणीच यायचं नाही. चाचांना करमेना. "बाई, सूना सूना लगता," म्हणायचे.

आणि माझ्या म्हातारीची छाती उघडायला लागली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या अस्तराला कुणी उसंत दिली होती. एकीमागून एक सर्दी येऊन आदळत नव्हती. पाठीला नळी लावली की आतली शिट्टी रोज थोडी बारीक ऐकू यायची. तिचे ओठ माणसाच्या रंगाचे झाले. जुनाट छातीच्या आजारावर जमावबंदीइतकं गुणकारी औषध मी नोकरीत दुसरं पाहिलं नाही. फक्त ते चिठ्ठीवर लिहून देता येत नाही, आणि बंद दुकानांच्या मालकांना विचारलं तर त्याचे दुष्परिणाम ऐकवत नाहीत.

पण तिकडं अडकून पडलेली तिची माणसं कुठून आणायची? दोन दिवस ती भिंतीशी बोलली. तिसऱ्या दिवशी भिंतीनं उत्तर दिलं नाही म्हणून असेल, ती सखुबाईकडं वळली.

"तुझ्याकडं बी कुणी येईना?"

"माझ्याकडं बंद नसला तरी कोण येतंय," सखुबाई म्हणाली.

"कुणीच नाय?"

"कोण राह्यलंय, माय."

कोंडाबाईच्या हिशोबात माणसाला भेटायला कुणीच येत नाही ही शक्यता बसत नव्हती. शत्रूकडं सुद्धा कुणीतरी जातंच. सखुबाईनं मला सांगितलेली हकीकत तिनं भिंतीकडं तोंड करून ऐकली असणार, कारण मग तिनं विचारलं, "त्या शेळीचं काय झालं?" आणि दोघी शेळी-मेंढीवर जी बोलायला लागल्या ती दम लागेपर्यंत. मला राऊंडला दोघींना दटावावं लागलं. नंतर एकदा मी पाहिलं, कोंडाबाईच्या तांब्यातलं पाणी संपलं होतं आणि ती सखुबाईच्या तांब्यातून पीत होती. मी जंतूंवरचं भाषण गुंडाळलं आणि पुढच्या खाटेकडं वळले.

दोघी चालत घरी गेल्या. आमच्या अधीक्षकांनी त्या हिवाळ्यातल्या सुधारणेचं श्रेय आपल्या नियोजनाला दिलं आणि वर कळवलं. वरून बक्षीस म्हणून एक वाफेचं यंत्र मंजूर झालं, औषधाची वाफ करून छातीत पोचवणारं. पण ते येऊन लागायला पुढचा हिवाळा उजाडला. तोवर विद्यापीठाचं नाव झालं होतं, आणि यंत्राला उद्घाटन हवं होतं.

अधीक्षकांनी मला बोलावलं. "मॅडम, एखादा पूर्ण बरा झालेला पेशंट पाहिजे. पाहुण्यांच्या शेजारी उभा करायला. ती तुमची मेंढरंवाली आजी कशी आहे?"

"छान आहे. म्हणूनच हिवाळ्यात तिला गर्दीत आणू नका. एक सर्दी झाली तरी जाईल ती."

"पाहुण्यांना सर्दी नसते हो," अधीक्षक म्हणाले. "त्यांना फार तर दगदग होते."

मी लेखी विरोध नोंदवते म्हटलं. ते म्हणाले, अवश्य नोंदवा, उद्घाटन झाल्यावर. भानुदासला त्यांनी परस्पर निरोप धाडला. तरी मी गारखेड्याला जाऊन कोंडाबाईला सांगितलं, जाऊ नकोस. तिनं विचारलं, "सखू कुठं हाय?" सखुबाई तेव्हा पुन्हा वॉर्डातच होती, धुरानं नाही, सिमेंटनं. मी खोटं बोलले असते तर बरं झालं असतं असं पुढं कैकदा वाटलं. "मग येती," कोंडाबाई म्हणाली. "तिला भेटाया कोण जातंय?"

पाहुणे दुपारचे यायचे ते संध्याकाळी आले. नाक लालभडक, आवाज बसलेला. कार्यकर्ते सांगत होते, साहेबांना दौऱ्याची दगदग झाली आहे. हातात भला मोठा रुमाल होता, पण भाषणाच्या भरात रुमालाची वेळ साधेना. आरोग्य हेच धन यावर बोलताना त्यांना तीनदा शिंक आली, तिन्ही माइकवर. एका बाजूला यंत्र, एका बाजूला कोंडाबाई, नवं लुगडं नेसून. फोटोसाठी पाहुण्यांनी गळ्यातला हार काढून तिच्या गळ्यात घातला, डोक्यावरून, तोंडावरून मायेनं हात फिरवला आणि चौथी शिंक तिच्या खांद्यावर दिली. मी पहिल्या रांगेतून उठले होते. अधीक्षकांनी माझा दंड धरून मला खाली बसवलं. वर्षानुवर्षं ज्या वॉर्डाच्या दारात मी खेड्यातल्या बायकांना नाकाला पदर बांधायला लावला, तिथं या माणसाला तोंड फिरव म्हणायची कुणाची छाती झाली नाही. माझीही उठण्यापलीकडं झाली नाही.

कार्यक्रम संपल्यावर कोंडाबाई हारासकट वॉर्डात गेली. सखुबाईच्या गळ्यात पडून रीतसर मोठ्यानं रडली आणि हार तिच्या खाटेला बांधला. सखुबाईला त्या दिवशी दम होता, पण सर्दीचा टिपूस नव्हता. हे मी सकाळीच तपासलं होतं.

चौथ्या दिवशी भानुदास तिला रिक्षातून घेऊन आला. यंत्र तयार होतं, पण त्याची जाड पिन आमच्या वॉर्डातल्या एकाही खोबणीत बसेना. उद्घाटनाला ते नुसतंच ठेवलं होतं, चालवून कुणी बघितलंच नव्हतं. वायरमन येऊन खोबणी बदलेपर्यंत दिवस मावळला. यंत्रानं वाफ दिली, आम्ही होतं ते सगळं दिलं. पण आतला बोभाटा सुरू झाला होता आणि मोडून पडायला आता फारसं काही शिल्लक नव्हतं.

रविवारी टेम्पो आला. आता रस्ते मोकळे होते. बायका दारातच नाकाला पदर बांधून उभ्या राहिल्या, मी न सांगता. म्हाळूमामा मात्र तसेच आत घुसले. त्यांनी बहिणीकडं पाहिलं, मग शेजारच्या खाटेकडं.

"हीच का ती?" त्यांनी मला विचारलं. "हिच्याच गळ्यात पडली म्हन्त्यात. शिवाशिव केली, भोगलं! बाई, ही खाट आधी हालवा इथनं."

सखुबाईनं पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं.

मी बोलणार होते. विषाणू, शिंक, सगळं. पण कोंडाबाईनं हातानं ऑक्सिजनची मुखपट्टी ओढून खाली केली. एकेका शब्दाला एकेक श्वास लागत होता.

"दादा. तिला... सर्दी... नव्हती." मग बराच वेळ नुसतीच छाती हलली. "हारवाला... सायेब... शिंकला."

"बरं, बरं, लाव ते," म्हाळूमामा म्हणाले.

"आधी... तिला भेट."

मी मुखपट्टी वर करायला हात पुढं केला. तिनं माझा हात झटकला. एवढी ताकद कुठून आणली कुणास ठाऊक. तिचे ओठ जांभळे व्हायला लागले होते. मी ओरडले, "अहो कोंडाबाई, श्वास घ्या!" भानुदास रडकुंडीला येऊन म्हणाला, "मामा, जावा ना!" ती भावाकडं बघत राहिली. मुखपट्टी मुठीत घट्ट धरलेली, आतून ऑक्सिजन नुसता फुसफुसत वाया चाललेला.

म्हाळूमामांनी डोक्याचं पागोटं सारखं केलं. दोन खाटांमधली ती वीतभर जागा ओलांडून ते पलीकडं गेले आणि पांघरुणाकडं बघत म्हणाले, "कसं हाय, बाई, आता?"

पांघरुणातून उत्तर आलं, "बरं हाय, मामा."

मग बायका गेल्या. एकीनं सखुबाईच्या तोंडावरचं पांघरूण काढलं, गालावरून हात फिरवला, आणि बाकीच्या रीतीप्रमाणं रडल्या. कोंडाबाईनं तेव्हा मूठ सैल केली आणि मला मुखपट्टी लावू दिली.

ती त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं. तिला आणखी दोन-चार हिवाळे मिळाले असते. अधीक्षकांनी हवामानाला दोष दिला. पाहुण्यांची दगदग आठवड्यात बरी झाली, आणि फोटोतली कोंडाबाई पुढं कितीतरी वर्षं यंत्रामागच्या भिंतीवर हसत होती.

मातीला न्यायला वाडीचाच टेम्पो आला. सखुबाई खाटेवरून उठून चप्पल शोधायला लागली. मी म्हटलं, तुला सोडता येणार नाही, बाहेर कडाका आहे. ती म्हणाली, "बाई, ती आली होती ना मला भेटाया." मग मी अडवलं नाही.

त्यानंतर वाडीत पाण्याचा तांब्या एक झाला असं मी सांगणार नाही. एका माणसाच्या जाण्यानं तेवढं होत नसतं. मी जे खिडकीतून पाहिलं तेवढंच सांगते. सखुबाई टेम्पोच्या मागच्या बाजूनं चढायला गेली तेव्हा म्हाळूमामांनी तिला थांबवलं. पुढचं दार उघडलं, तिला आत, ड्रायव्हरशेजारी बसवलं आणि वारा लागू नये म्हणून काच वर ओढून घेतली. मग स्वतः मागं, उघड्यावर, बहिणीजवळ जाऊन बसले.